परंड्याची तोफ आणि विजापूरचा मोतीखान

थ्रेड 🧵

सतराव्या शतकाच्या आरंभी दख्खनमध्ये दोन वस्तू अशा होत्या, की त्यांना माणसांसारखी नावे होती आणि नावाला पदवीही होती. एक परंड्याच्या किल्ल्यावर, दुसरी विजापूरच्या दरबारात. पहिली म्हणजे 'मलिक-ए-मैदान', रणमैदानाचा धनी. वजन अंदाजे ५५ टन. दुसरी 'मोतीखान', एका सुलतानाचा लाडका तंबूर, एका हाताने सहज उचलता येईल असा. पहिली आज कुठे आहे हे शाळेच्या सहलीला गेलेले पोरही सांगेल. दुसरी शोधायला निघालेल्याला प्रागपर्यंत जावे लागते, आणि तिथेही हाती येते ते वाद्य नव्हे, त्याचे चित्र.

प्रसिद्ध वादकांची जुनी वाद्ये शोधणे हा पाश्चात्त्य जगात आता एक स्वतंत्र उद्योग झाला आहे. पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हँबुर्गमध्ये घेतलेली हॉफनर बनावटीची बेस गिटार १९७२ साली लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेली आणि पन्नासहून अधिक वर्षांनी मालकाकडे परतल्याचे २०२४ साली जाहीर झाले. जॉन लेननची १९६३ साली हरवलेली गिब्सन गिटार अनेक वर्षे अमेरिकेत एका गृहस्थाकडे होती आणि ती कोणाची हे त्यालाच ठाऊक नव्हते. जुन्या छायाचित्रांतल्या लाकडाच्या रेषा, ओरखडे आणि अनुक्रमांक ताडून पाहिल्यावर ओळख पटली, आणि २०१५ च्या लिलावात तिला २४ लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. गिटारीला नाव देण्याची चालही तिकडे आहे. ब्लूज गायक बी. बी. किंग १९४९ साली एका पेटलेल्या नृत्यगृहात आपली गिटार आणण्यासाठी परत शिरला होता. ती आग ज्या स्त्रीवरून झालेल्या मारामारीत लागली तिचे नाव ल्युसील. पुढे त्याची प्रत्येक गिटार ल्युसील झाली.

या सगळ्या शोधांचे सूत्र एकच असते. वस्तू कोणी घडवली, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, आणि प्रत्येक हस्तांतराचा पुरावा काय, ही साखळी जुळवायची. एखादी कडी तुटली की वस्तू समोर असूनही ती 'ती' राहत नाही. हेच सूत्र परंड्याच्या तोफेला आणि विजापूरच्या तंबुराला लावून पाहिले, तर दख्खनच्या इतिहासाचा एक वेगळाच छेद दिसतो.

आधी तोफ. तिची जन्मपत्रिका तिच्याच अंगावर कोरलेली आहे. हिजरी ९५६, म्हणजे इसवी सन १५४९. ओतणारा मुहम्मद बिन हुसेन रूमी. धनी अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह. 'रूमी' म्हणजे उस्मानी तुर्की मुलखातला. त्या काळी तोफा ओतण्याची विद्या अंगी असलेला माणूस कोणत्याही दरबारात मानाने ठेवला जाई. तोफेची लांबी सुमारे साडेचार मीटर, तोंडाचा आतला व्यास सुमारे ७० सेंटीमीटर. माणूस आत शिरून बसू शकेल, आणि जुन्या छायाचित्रांत बसलेला दिसतोही. तोंडाशी जबडा पसरलेला एक अक्राळविक्राळ प्राणी आहे, त्याच्या दातांत हत्ती सापडला आहे. शत्रूच्या गजदलाला दिलेला तो उघड निरोप होता.

पण संगीताच्या अभ्यासकाने पाहावी ती तिची धातू. साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील, हे कांशाचे प्रमाण. देवळातली घंटा याच मिश्रणाची, आणि वारकऱ्याच्या हातातला टाळही याच घराण्यातला. म्हणून मलिक-ए-मैदानवर हाताने थाप मारली तरी ती घंटेसारखी घुमते. युद्धासाठी ओतलेली ही वस्तू धातूच्या दृष्टीने एक वाद्यच आहे. १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईत (पाठ्यपुस्तकांतली तालिकोट) निजामशाही तोफखान्याने तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या ठासून विजयनगरच्या सैन्यावर उडवल्या असे सांगतात, आणि त्या कथेत हिचेही नाव घेतले जाते. नाण्यांची गोष्ट इतकी वेळा सांगितली गेली आहे, की आता तोफेपेक्षा तीच जास्त घुमते.

ही तोफ परंड्याला कशासाठी, असा प्रश्न आजचे शांत तालुक्याचे गाव पाहून पडणे स्वाभाविक आहे. अहमदनगर, सोलापूर, विजापूर आणि बिदर यांच्या मधल्या पट्ट्यात परंडा बसतो. बहामनी काळातल्या या भुईकोटाचे श्रेय परंपरा महमूद गावानला देते. भोवती रुंद खंदक, दुहेरी तटबंदी, बळकट बुरूज. डोंगराचा आधार नसलेल्या सपाट मुलखात संरक्षण करायचे ते खंदकाने आणि तोफेने. म्हणून इथे तोफखाना वसला, आणि इथल्या बुरुजांवर कोरीव ओतीव तोफा आजही आहेत.

ऑगस्ट १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. राजधानी गेली, सुलतान कैद झाला, निजामशाही संपली असे अकबराच्या दरबारात धरले गेले. तेव्हा मलिक अंबर या हबशी सरदाराने निजामशाही वंशातल्या मुर्तजाला परंड्यात गादीवर बसवले. पुढे राजधानी इतरत्र हलली, पण तोपर्यंतची काही वर्षे परंडा ही एका राज्याची राजधानी होती. महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात या वर्षांना एखाद-दुसरी ओळ मिळते. ती अपुरी आहे. मलिक अंबरची पुढची पाव शतकाची झुंज आणि त्या धामधुमीत घडलेली शहाजीराजांची कारकीर्द यांची मुळे परंड्यातल्या त्या राज्यारोहणात आहेत.

त्याच काळात दक्षिणेला, भीमेपलीकडे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाचे राज्य होते (१५८० ते १६२७). हा सुलतान स्वतःला जगद्गुरू म्हणवून घेई. विजापूरला तो विद्यापूर म्हणे. दखनी भाषेत त्याने रचलेल्या पदांचा संग्रह 'किताब-ए-नवरस' या नावाने प्रसिद्ध आहे. ही पदे रागांप्रमाणे लावलेली आहेत. त्यांत सरस्वती आहे, गणपती आहे, गुलबर्ग्याचे सूफी संत गेसूदराज आहेत. आणि याच मंडळींच्या शेजारी सुलतानाची राणी चाँद सुलतान, त्याचा हत्ती आतशखान आणि त्याचा तंबूर मोतीखान आहे. देव, गुरू, पत्नी, हत्ती आणि वाद्य यांना एकाच वहीत जागा देणारा दुसरा राजा दाखवणे कठीण. वाद्याला 'खान' म्हणणे ही केवळ लाडाची हाक नव्हती. खान ही दरबारी पदवी होती. तंबुराला सरदारकी मिळाली होती.

इब्राहिमच्या संगीतवेडाचा एक साक्षीदार बाहेरचा आहे, म्हणून अधिक विश्वासार्ह. १६०३-०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला. सुलतानाची कन्या आणि शाहजादा दानियाल यांच्या विवाहाचा प्रश्न रेंगाळला होता, तो मार्गी लावणे हे त्याचे काम. त्याने लिहून ठेवले आहे, की सुलतान गाण्यात इतका रमलेला असे, की विचारलेल्या प्रश्नाला धड उत्तरही देऊ शकत नसे. आणि अकबराच्या या वकिलाला त्याने काय विचारले? तानसेन बादशहापुढे उभा राहून गात असे की बसून. वकील फौजा, खंडणी आणि सोयरिकीचा हिशेब घेऊन आलेला, आणि यजमानाला हवी होती गवयाच्या बैठकीची माहिती. (हाच असद बेग परतताना विजापुरातून तंबाखू घेऊन गेला आणि अकबरापुढे हुक्का ठेवला. उत्तरेत दख्खनहून काय काय गेले याची यादी करायची झाल्यास हेही विसरू नये.)

मोतीखानाचे रूप कसे होते? आजचा मिरजेचा तानपुरा डोळ्यांपुढे आणण्याची घाई करू नये. चार तारांचा, केवळ आधारस्वर देणारा भोपळ्याचा तंबोरा वेगळा, आणि फारसी-तुर्की परंपरेतला लांब मानेचा, स्वर दाबून सुरावट वाजवता येणारा तंबूर वेगळा. दख्खनच्या दरबारात दोन्ही प्रवाह एकत्र आले होते. नाव सारखे असल्यामुळे आपण नंतरच्या वाद्याचे रूप आधीच्यावर चढवतो. लांब मान, ताणलेल्या तारा आणि पोकळ पोट या दृष्टीने पाहिले तर मोतीखान हा गिटारीचा लांबचा चुलतभाऊ ठरतो.

प्रागच्या नाप्रस्तेक संग्रहालयात एक मुघल चित्रपृष्ठ आहे. त्यात इब्राहिम आदिलशाह बसून तंबूर वाजवतो आहे. चित्रकार फर्रुख बेग. अकबराच्या चित्रशाळेतून निघून तो काही वर्षे विजापूरला होता आणि नंतर जहांगीरकडे परतला असे अभ्यासक मानतात. चित्रासोबतच्या मजकुरात हे दख्खनी सुलतानाचे चित्र असल्याचे सांगितले आहे, आणि दख्खनी संगीतविद्येत तो त्या कलेच्या उस्तादांहूनही स्वतःला वरचढ समजतो, अशा अर्थाचे वाक्य आहे. साल हिजरी १०१९, म्हणजे १६१०-११, जहांगीरच्या राज्याचे पाचवे वर्ष. मजकुराच्या स्वरातला किंचित तिरकसपणा लक्षात घ्यावा. मुघल दरबारी कागदपत्रे दख्खनच्या सुलतानांना 'शाह' म्हणत नसत, 'खान' म्हणत. इथेही तो 'इब्राहिम आदिल खान' आहे. म्हणजे ज्याने आपल्या तंबुराला खान केले, त्याला मुघलांनी तंबुराच्याच पायरीवर बसवले.

त्या चित्रातले वाद्य म्हणजेच मोतीखान असा कयास सहज होतो, आणि तो अवास्तव नाही. पण साखळीचा नियम इथेही लावायला हवा. चित्रातल्या वाद्याशी ताडून पाहायला प्रत्यक्ष वाद्य नाही. जगातल्या कोणत्याही संग्रहालयात 'हाच तो मोतीखान' म्हणून दाखवला जाणारा तंबूर नाही. लेननच्या गिटारीसारखा लाकडाच्या रेषांवरून निवाडा करण्याची सोय इथे उरलेली नाही.

मोतीखानाच्या भोवतीचे जग मात्र कसे मोडले याची नोंद आहे. इब्राहिमने १५९९ साली विजापूरच्या पश्चिमेला तोरवीजवळ नवरसपूर नावाचे नवे नगर वसवायला घेतले होते. संगीताच्या नावाने वसवलेले नगर, तिथे महाल, बागा, गवयांची वस्ती. १६२४ साली भातवडीच्या लढाईत मुघल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा मलिक अंबरने पराभव केला, आणि तिथून तो थेट विजापूरवर चालून गेला. राजधानीचा कोट बळकट होता. नवरसपूरची तटबंदी अपुरी होती. ते नगर त्याने उद्ध्वस्त केले. ज्या माणसाने परंड्यात एक मोडलेले राज्य उभे केले, त्यानेच चोवीस वर्षांनी संगीताचे नगर मोडले. भातवडीचा विजय शहाजीराजांच्या पराक्रमासाठी आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो, आणि तो सांगावाच. पण त्याच मोहिमेचे पुढचे पान कोणी उलटत नाही.

१६२६ साली मलिक अंबर गेला, १६२७ साली इब्राहिम. निजामशाही कोसळू लागली. १६३० च्या सुमारास मुघल सेनापती आजमखानाने परंड्याला वेढा घातला, पण त्याला तो उठवावा लागला. या धामधुमीत किल्ला आदिलशाहीकडे आला आणि १६३२ साली मलिक-ए-मैदान परंड्याहून विजापूरला हलवली गेली. हे काम मुरार जगदेवाच्या नावावर आहे, ज्याच्या फौजेने पुणे बेचिराख केले तोच हा आदिलशाही मंत्री. तोफ ओढायला चारशे बैल आणि दहा हत्ती लागले अशी आठवण परंपरेने जपली आहे. आकडा काटेकोर धरू नये, पण ५५ टन कांसे काळ्या मातीतून दीडशेहून अधिक किलोमीटर नेणे म्हणजे काय, हे त्यावरून उमगते. पावसाळ्यात हे अशक्यच. बैलांची चाके काळ्या रानात आरीपर्यंत रुततात. याच मुरार जगदेवाची हत्तीच्या तुलेची गोष्ट प्रसिद्ध आहे. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर हत्तीला नावेत चढवून नाव किती बुडते याची खूण केली, मग तितकी बुडेपर्यंत दगड भरले, आणि ते दगड तोलून हत्तीचे वजन काढले. युक्ती शहाजीराजांची, आणि गावाचे नाव तेव्हापासून तुळापूर. अवजड वस्तू आणि नदी यांच्याशी या गृहस्थाचा संबंध वारंवार आलेला दिसतो.

नदीवरून आठवले. मलिक-ए-मैदानची जोडीदार 'कडक बिजली' नावाची तोफ वाटेत कृष्णा नदीत बुडाली असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ती परंड्याहूनच निघाली होती असे सांगणाऱ्यांनी एकदा नकाशा उघडावा. परंड्याहून विजापूरला जाताना सीना आणि भीमा ओलांडाव्या लागतात. कृष्णा विजापूरच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला आहे. या वाटेवर ती लागतच नाही. एकतर नदीचे नाव चुकले आहे, नाहीतर तोफेचा प्रवास वेगळा होता. दंतकथा टाकून द्यायची नसते, पण तिला भूगोलाचा प्रश्न विचारायला हरकत नसते.

विजापुरात मलिक-ए-मैदान शेरझा बुरुजावर विसावली. सप्टेंबर १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले, तेव्हा तोफेवर आणखी एक लेख कोरला गेला: आलमगीराने विजापूर जिंकले आणि रणमैदानाचा धनी हस्तगत केला. निजामशाही, आदिलशाही, मुघल. तीन सत्तांचे हात या तोफेला लागले आणि पहिल्या व शेवटच्या सत्तेने आपली सही केली. गिटारीच्या अनुक्रमांकाचे काम इथे लेखांनी केले आहे.

चौथी सत्ता सही करणारी नव्हती, हिशेब करणारी होती. १८५४ साली ब्रिटिश अंमलदारांनी विजापुरातले निरुपयोगी सामान विकायला काढले आणि त्यात ही तोफही लिलावात उभी राहिली. बोली आली १५० रुपये. ५५ टन कांशाचा नुसता धातूचा भावही याहून कितीतरी अधिक. पण घेणारा ती बुरुजावरून उतरवणार कशी, फोडणार कशी? तिच्या वजनानेच तिला वाचवले. शिवाय स्थानिक लोकांचा तोफेवरचा भाव पाहून तिथल्या अधिकाऱ्याने विक्री रद्द करवली. आज ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली त्याच बुरुजावर आहे.

तंबुराला असे वजन नव्हते. लाकूड आणि भोपळा ही सामग्री मुळातच अल्पायुषी: कीड, दमट हवा, उन्हाळ्यातली तडक. त्याहून मोठी गोष्ट अशी, की वाजते वाद्य सतत दुरुस्त होत असते. खुंट्या झिजतात, घोडीची जवारी पुन्हा काढावी लागते, भोपळा फुटला तर नवा बसतो. तीन पिढ्यांनी मूळचे काय उरले हा प्रश्नच असतो. अमुक खाँसाहेबांचा तानपुरा म्हणून एखादे वाद्य विकायला येते, तेव्हा तारकामाची नक्षी पाहून भुलण्यापेक्षा दांडी, तबली आणि भोपळा एकाच वयाचे आहेत का हे आधी पाहावे. पंडित रविशंकरांची, कोलकात्याच्या नोदू मल्लिक यांनी घडवलेली सतार ब्रिटिश म्युझियममध्ये निर्विवादपणे 'ती' आहे, कारण ती कुटुंबीयांकडून थेट संग्रहालयात गेली. साखळीत मधली कडीच नाही.

आणि ही दुरुस्ती करणारी, नवे वाद्य घडवणारी मिरजेतली घराणी कोण? शिकलगार. तलवारींना धार लावणारे, शस्त्रांना झिलई देणारे. संस्थानी काळात तलवारीचे काम सुटत गेले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, फरीदसाहेब शिकलगार यांनी तंबोरे-सतारी दुरुस्त करता करता घडवायला सुरुवात केली. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि सुराच्या बाबतीत अत्यंत काटेकोर असलेला गिऱ्हाईक कारागिरांना घराशेजारी मिळाला. वाद्यांसाठी लागणारे मोठे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठावरून. ज्या भीमेतून परंड्याची तोफ पलीकडे गेली, त्याच नदीच्या मळईत तंबोऱ्याचे पोट वाढते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

परंड्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. याच तालुक्यात सीनेकाठी डोमगाव आहे. तिथल्या मठात समर्थशिष्य कल्याणस्वामींच्या हातचा म्हणून मानला जाणारा दासबोध पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी त्याच प्रतीवरून ग्रंथ छापला. कागद हा भोपळ्याहूनही नाजूक. सांभाळणारा मठ होता, म्हणून तो राहिला. नवरसपूरला सांभाळणारा उरला नव्हता.

परंड्याच्या किल्ल्यात गेलात तर बुरुजांवरच्या उरलेल्या तोफा नीट पाहा. लेख असेल तर उजेड तिरपा पडेल अशा वेळी, सकाळी किंवा सायंकाळी, त्याचे छायाचित्र घ्या. दुपारच्या उन्हात अक्षरे दिसत नाहीत. अक्षरांवर खडू किंवा तेल फासू नका. आणि पुढे विजापूरला शेरझा बुरुजावर जाल, तेव्हा तिथल्या रक्षकाची परवानगी घेऊन मलिक-ए-मैदानच्या अंगावर हलकेच बोट वाजवा.